पाव फेरा

"हे कोणी बसवलं?" होस्नियाच्या तोंडात दिवा धरून डॉक्टर विद्यावतींनी विचारलं.

बारा वर्षांच्या होस्नियाला तोंड उघडं असल्यामुळे उत्तर देता येईना. शेजारी उभ्या असलेल्या तिच्या बापाचं, माथारीचं तोंड बंद होतं. ते त्याला जरा उशिराच उघडता आलं.

"होता बाजारात एक जण. आता दुकान बंद केलं त्याने."

दुकानात तो बायकोला बसवून आला होता. इंडोनेशियातल्या सुराबाया शहरात, बाजारामागच्या गल्लीत, दाताचं भलंमोठं चित्र असलेल्या पाटीखाली, माथारी वडिलांसारख्याच कवळ्या बनवायचा. पण कवळी घालून कोणी मिरवत नाही. पुढे पोरींना दातांवर तार आणि रंगीत रबरं हवीशी झाली, दात सरळ असले तरी. घरचं बरं चाललंय हे नुसतं हसून सांगता येत होतं. माथारी तारा चिकटवू लागला.

होस्नियाचा खालचा जबडा मागे राहिलेला. शाळेत तपासणीला आलेल्या डॉक्टरांनी गेल्या वर्षीच काढता-घालता येणारी प्लेट सांगितली होती. प्लेटीने पोरगी बोबडं बोलणार आणि दिसणार काहीच नाही. होस्निया रडली. माथारीलाही वाटलं, आपलीच पोर दुसऱ्याची प्लेट घालून फिरली तर गिऱ्हाईक काय म्हणेल? त्याने तिच्या वरच्या दातांना तार बसवून जांभळी रबरं लावली. दुकानाची याहून चांगली जाहिरात गल्लीत नव्हती.

"वरचे दात आत ओढलेत, खाली उतरवलेत," डॉक्टर सांगत होत्या. खालचे दात आता टाळूला टोचत होते. जबडा पुढे आणायचा तर वाढीच्या वयातच, आणि त्यातलं एक वर्ष फुकट गेलं होतं. "अशा माणसांना लाज कशी वाटत नाही?"

माथारी म्हणाला, नाहीच वाटत. असल्यांची दुकानं सरकारने बंदच केली पाहिजेत, हेही त्याने न विचारता सांगितलं. इतकं मुद्देसूद तो आयुष्यात बोलला नव्हता.

डॉक्टरांनी तार काढली. होस्नियाने चूळ भरली.

"त्याचा हात हलका होता पण," ती म्हणाली.

प्लेटा तयार झाल्या तेव्हा दोघं पुन्हा आले. वर एक, खाली एक. दोन्हींना असा उतार की तोंड मिटलं की खालचा जबडा पुढे सरकायलाच हवा. जेवतानाही काढायच्या नाहीत. वरच्या प्लेटीत एक बारीक स्क्रू होता. त्याला आठवड्यातून एकदा घरच्यांनी किल्लीने पाव फेरा द्यायचा. डॉक्टरांनी प्लेट आणि किल्ली माथारीच्या हातात दिली. "एकदा करून दाखवा, बापाक." तिकडे बापाला बापाक म्हणतात, आणि परक्या पुरुषालाही आदराने तेच.

याहून नाजूक कामं तो गिऱ्हाइकाशी गप्पा मारत करायचा. त्याने किल्ली भोकाशी नेली आणि निसटू दिली. पुन्हा नेली, पुन्हा निसटू दिली. बोटं थोडी थरथरवली.

"सवय नसते. जमेल हळूहळू," डॉक्टर मायेने म्हणाल्या.

होस्निया त्या बोटांकडे बघत होती. मग तिने बापाच्या तोंडाकडे पाहिलं, आणि त्याच्या हातातून प्लेट आणि किल्ली काढून घेतली.

"माझं मी करीन, बापाक."

तिने पाव फेरा दिला, दोन्ही प्लेटा बसवल्या आणि ओठ मिटले. हनुवटी किंचित पुढे आली.

माथारीची बोटं अजून थरथरत होती. आता ती त्याला थांबवता येईनात.