खुशालरावांचं उड्डाण

अमरावतीचे खुशालराव विमानानं अकोल्याला निघाले, त्यामागे खरं कारण एकच होतं. अकोल्याच्या व्याह्यांनी, केशवरावांनी, नवी मोटार घेतली होती आणि दिवाळीत ती खुशालरावांच्या दारापुढे तासभर उगाच भोंगा वाजवत उभी ठेवली होती.

त्यानंतर थोड्याच दिवसांत एक गोरा साहेब छोटं विमान घेऊन अमरावतीत आला. पैसे देईल त्याला आभाळ दाखवायचं, हा त्याचा धंदा. खुशालरावांनी अकोल्यापर्यंतची बोली केली आणि व्याह्यांना कळवलं : ‘शुक्रवारी सकाळी गावाबाहेरच्या माळावर उतरतो. बँड आणावा.’

सामान विमानात मावेना, म्हणून पत्नी कौशल्याबाईंना ट्रंकांसह रेल्वेनं पाठवलं.

“मी बडनेऱ्याले गाडी बदलीन तवर तुमी पोचसान?” त्यांनी विचारलं.

“तू गाडी बदलशीन तवर मी जेवून वामकुक्षीले लागलो असन,” खुशालराव म्हणाले.

विमानानं पाऊण तासात अकोला गाठलं. मूर्तिजापूरपर्यंत खुशालरावांनी डोळे उघडलेच नाहीत, आणि उघडले तेव्हा फेटा नव्हता. साहेबानं त्यांना माळावर उतरवलं आणि तो लगेच परत उडाला.

माळावर बँड नव्हता. व्याही नव्हते. शेजारच्या भाजीच्या वाडीत माणिकबाई नावाची माळीण वांग्यांच्या पाट्यांपाशी पालथी पडली होती.

“बाई, ऊठ. गेलं ते.”

“गेलं?” ती उठली. “तुमी कुठून आले?”

“वरून!”

माणिकबाईनं त्यांच्या उघड्या डोक्याकडे पाहिलं आणि ती पाट्या बैलगाडीत भरू लागली. ऊन चढेपर्यंत वाट पाहून शेवटी ते तिच्याच बैलगाडीत, वांग्यांच्या पाट्यांमध्ये बसून निघाले. बैलांना घाई नव्हती. गाव येईतो दुपार झाली, आणि स्टेशनाच्या रस्त्यावर टांग्यात बसलेल्या कौशल्याबाईच समोर आल्या. नवराबायको एकाच टांग्यातून व्याह्यांच्या दारात उतरले. मागोमाग वांगी घेऊन माणिकबाईही आली.

“या, या!” केशवराव दारातच होते. “गाडी आज येळेवर आली म्हणा की.”

“मी विमानानं आलो!”

“हो का? आमाले तं काही दिसलं नाही.”

“या बाईले इचारा!”

“इमान पाह्यलं मी,” माणिकबाई म्हणाली. “पण मंग डोये मिटून पडली. उतरलं कोन, मले काय मालूम?”

ओसरीवर जमलेली मंडळी पोट धरून हसली. कौशल्याबाईंनीही पदर तोंडाला लावला.

जेवताना वाढायला खुशालरावांची लेक वच्छला आली. ती वाकून हळूच म्हणाली, “बाबा, मामंजी पहाटेपासून गच्चीवर होते. इमान दिसलं, तसे खाली आले अन् बँडवाल्याईले घरी धाडून देलं.”

खुशालरावांचा हात थांबला. मग त्यांनी आणखी दोन पुरणपोळ्या मागून घेतल्या.

त्यानंतर दोन दिवस त्यांनी विमानाचं नावसुद्धा काढलं नाही. कापसावर बोलले, मोटारीची तारीफ केली. केशवरावांचं मात्र कशात लक्ष लागेना. शेवटी निघायच्या दिवशी त्यांनी खुशालरावांना मोटारीआड ओढलं.

“व्याही, खरं सांगा. वरून आमचा बंगला कसा दिसते हो?”

खुशालरावांनी बराच वेळ आठवल्यासारखं केलं.

“बंगला?” ते म्हणाले. “बाकीचं अकोलं दिसलं बुवा.”