तीन नंबरचं गोदाम

धोंडीरामचा आवाज हीच त्याची इस्टेट. घाटाखालच्या सहकारी साखर कारखान्याच्या सभेत तो बावीस वर्षं पहिल्या रांगेत बसत आला होता. स्टेजवरून विषय वाचला गेला, की याने छाती फुगवून 'मंजूर!' म्हणायचं आणि मागच्या हजारभर सभासदांनी त्याची री ओढायची. विषय काय होता म्हणून विचारलं असतं तर त्याला सांगता आलं नसतं, आणि मागच्यांनाही नाही. पण त्याच्यामुळे सभा दुपारच्या जेवणाआधी आटपायच्या. चेअरमन भगवानराव या आवाजावर एवढे खूश, की त्यांनी त्याला कारखान्याच्या टेनिस क्लबावर कामाला ठेवून घेतलं.

टेनिस क्लब म्हटल्यावर हसू येईल, पण होता. भगवानराव कॉलेजात टेनिस खेळलेले. गेस्ट हाऊसच्या मागे त्यांनी मातीची दोन कोर्टं करवून घेतली होती. धोंडीराम रोज त्यांवर पाणी मारी, रोलर ओढी आणि चुन्याच्या रेघा मारी. मग लागोपाठ दोन पावसाळे कोरडे गेले. ऊस नाही म्हणून गाळप बंद झालं आणि पाणी नाही म्हणून कोर्टं बंद झाली. जिथे माणसांना टँकरपुढे घागरी घेऊन भांडावं लागत होतं, तिथे कोर्टावर पाणी मारायची भाषा तरी कोण करणार?

पण कारखान्याच्या शाळेत आश्रुबा सर म्हणून खेळाचे शिक्षक होते, आणि हा माणूस मोठा चिवट. साखरेचं तीन नंबरचं गोदाम रिकामं पडलेलं त्यांनी पाहिलं. वर पत्रा उंच आणि खाली सिमेंटची फरशी. त्यांनी भगवानरावांच्या मागे लागून किल्ली मिळवली. धोंडीरामने पांढऱ्या ऑइलपेंटने दोन कोर्टं आखली, साखरेची रिकामी पोती उसवून त्यांचे लांबलचक पडदे शिवले आणि बॉल अडवायला दोन्ही टोकांना टांगले. फरशीच्या सांध्यांत जुनी साखर मुरलेली, त्यामुळे मुंग्यांची रांग कधी तुटायची नाही. रोज सकाळी खेळाआधी तो त्या झाडून काढी, आणि दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा हजर. सरांनी दारावर पाटी लावली, 'इनडोअर टेनिस कोर्ट, ज्युनिअर प्रशिक्षण वर्ग'. फिटरची, वजनकाट्यावरच्या कारकुनाची, आजूबाजूच्या वस्त्यांवरची अशी चौदा पोरं यायला लागली.

त्यांत धोंडीरामची मुक्ता होती. वय तेरा. बोलायला कंजूष, एका शब्दात भागत असेल तर दुसरा खर्चायची नाही. पण बॉलवर तिचा हात असा बसायचा, की आश्रुबा सर शिट्टी तोंडात धरून फुंकायचं विसरायचे. पुण्याच्या एका अकादमीत मुलींची निवड होणार होती. निवड झाली तर राहणं, खाणं, शाळा सगळं तिथेच. चाचणी मेच्या शेवटच्या रविवारी, आणि तीही अशाच बंद हॉलमध्ये, पक्क्या फरशीवर.

"धोंडीराम, पोरगी निघते बघ," सर म्हणाले होते. "फक्त तोपतूर फरशी सुटू देऊ नको."

धोंडीरामला त्या रात्री जेवण गेलं नाही. बायकोने, छबुबाईने, विचारलं तर म्हणाला, "आनंदानं पोट भरलंय."

एप्रिलमध्ये कारखान्याच्या आवारात जनावरांची छावणी पडली. त्यात वाईट काही नव्हतं. धोंडीरामची स्वतःची गाय, कपिली, पहिल्याच दिवशी तिथे दावणीला बांधली गेली. तिच्या बरगड्या मोजून घ्याव्यात अशी तिची दशा होती. पण मग विशेष सभेची नोटीस लागली, आणि तिच्यात नववा विषय होता: छावणीचा कडबा ठेवण्यासाठी तीन नंबरचं गोदाम रिकामं करून ताब्यात घेणे.

आश्रुबा सर सभासद नव्हते, त्यांना सभेत बोलायचा हक्क नव्हता. बापाच्या वारशाने धोंडीरामच्या नावावर एक शेअर होता. सरांनी त्याला समोर बसवून समजावलं. कडब्याला विरोध करायचा नाही, जनावरं जगलीच पाहिजेत. फक्त एवढंच मागायचं, की गोदाम ताब्यात घ्या, पण मेअखेरीनंतर. तोवर कडबा लागलाच तर चार नंबरचं अर्धं मोकळं आहे.

"भगवानराव न्हाई म्हणणार न्हाईत," सर म्हणाले. "पण कुणीतरी हुबं राहून मागाया पायजे."

धोंडीरामने आठ दिवस भाषणाची तयारी केली. फरशी झाडताना बोलायचा, पडदे सरळ करताना बोलायचा. एकदा मुक्ताने सर्व्हिस करता करता थांबून सगळं ऐकलं.

"जमतंय का गं?" त्याने विचारलं.

"जमतंय. पर लई भरभर बोलू नका, आबा." तिच्या हिशेबाने हे लांबलचक बोलणं झालं.

सभेच्या दिवशी मांडव भरला होता. बाहेर कडुलिंबावर कर्णा बांधलेला, त्याच्या सावलीत आश्रुबा सर आणि चौदा पोरं बसलेली. धोंडीराम पहिल्या रांगेत, धुतलेला सदरा घालून. मोठ्या आवाजाचा माणूस खरा, पण बावीस वर्षांत त्या सभेत तो एकाच शब्दापलीकडे बोलला नव्हता. पहिला विषय झाला, दुसरा झाला. प्रत्येक वेळी त्याने 'मंजूर' म्हटलं. सहावा झाला. आता सात, मग आठ, मग आपला, असं तो बोटांवर धरून बसला.

ऊन तापलं होतं, लोक चुळबुळ करायला लागले होते. स्टेजवर विषय वाचणाऱ्या साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि कागद उलटला. "विषय क्रमांक सात ते अकरा, सर्व छावणीसंबंधी, एकत्रित सभेपुढे मंजुरीस ठेवत आहे."

आणि साहेबांचा आवाज जसा 'आहे'वर येऊन खाली पडला, तसा धोंडीराम गरजला, "मंजूर!"

मागून हजार गळे ओरडले, "मंजूर!" टाळ्या पडल्या.

आपण काय केलं हे त्याला टाळ्या थांबल्यावर कळलं. सात ते अकरा. त्यांच्यात नऊ. तो घाईने उठला. "साहेब, त्ये तीन नंबरचं गोदाम..."

भगवानराव वरून हसले. माणूस मनाने वाईट नव्हता, त्यांना खरोखरच गंमत वाटली. "अरे धोंडीराम, सगळ्यात आधी तूच तर मंजूर म्हणालास! आता काय राहिलं बे?"

मांडव खदखदून हसला. आणि सांगायला लाज वाटते, पण धोंडीरामही हसला. सगळे हसत असले की त्याला हसूच यायचं. हसत हसतच तो खाली बसला, आणि बाराव्या विषयाला त्याच्या तोंडून आवाज निघाला नाही. तो दुसऱ्या कुणीतरी काढला.

तो बाहेर आला तेव्हा कडुलिंबाखाली एकटे सर होते. पोरं निघून गेली होती. "कर्ण्यावर तुजा आवाज साफ आला," एवढंच सर म्हणाले. नंतर ते बंगल्यावर जाऊन आले, तर भगवानराव म्हणाले, सभेने एकमताने केलेला ठराव मी एकट्याने कसा मोडू? संध्याकाळी गोदामाला कुलूप लागलं. जाळी, रॅकेटी आणि बॉलची बादली धोंडीरामनेच बाहेर काढून दिली.

मुक्ताने घरी काही म्हटलं नाही. भाकरी वाढायला सांगितली तर वाढली, पाणी मागितलं तर दिलं. ती रडली असती तर बरं झालं असतं, असं धोंडीरामला वाटे. सर पोरांना पहाटे वजनकाट्यापुढच्या डांबरी रस्त्यावर घेऊन जाऊ लागले. तिथे बॉल खडीवर पडून वेडावाकडा उडायचा, नाही तर नालीत जायचा. आठ दिवसांत चौदाची पाच पोरं राहिली. आणि तीन नंबरचं गोदाम? ते तसंच बंद. कडब्याचं टेंडर अडकलं होतं, छावणी तोवर बाहेरून येणाऱ्या ओल्या चाऱ्यावर चालली होती. धोंडीराम रोज जाता-येता दाराच्या फटीतून पाही. आत मोकळी फरशी, तिच्यावर त्याने मारलेल्या रेघा, आणि मुंग्या. काडीएवढाही कडबा आला नव्हता. महिनाभर ती जागा कुणाच्याच कामाला आली नाही.

पुण्याला मुक्ता शेवटच्या मॅचपर्यंत पोचली. तिथे समोरची मुलगी जोरात मारणारी, फरशीवरून बॉल सरसर यायचा आणि तिचा हात उशिरा जायचा. पहिले चार गेम असेच गेले. मग तिला अंदाज आला, तेव्हा ती अशी खेळली की बाकीची कोर्टं थांबून पाहू लागली. पण गेलेले गेम काही परत आले नाहीत, आणि निवड हुकली. तिथल्या कोचने सरांना बाजूला घेऊन विचारलं, "मुलीला फरशीवर प्रॅक्टिस का दिली नाहीत? पंधरा दिवस जरी मिळाले असते." धोंडीराम शेजारीच उभा होता. सरांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही, आणि हे त्याला फार लागलं. पुढच्या वर्षी तिचं वय बसणार नव्हतं.

ते परतल्यावर पाचव्या दिवशी कडब्याच्या ट्रका आल्या. क्लब गेल्यामुळे धोंडीरामला आता गोदामात पेंढ्या रचायचं काम होतं. पांढऱ्या रेघांवर त्याने आपल्या हाताने थर लावले. छावणीत प्रत्येकाला आपापल्या जनावराची वैरण मोजून मिळे. धोंडीरामने आपली पेंढी घेतली, कपिलीपर्यंत नेली आणि तिच्या पुढ्यात टाकायच्या ऐवजी स्वतःच्या पाठीमागे टाकून बसला. दुसऱ्या दिवशीही तेच. आजूबाजूच्यांनी विचारलं तर म्हणाला, "ह्या गोदामातलं माज्या गायीला नगं." गाय दावं ताणून मान लांब करत होती. धोंडीराम तिच्याकडे न बघता बसला होता आणि त्याला वाटत होतं, आपण काहीतरी भोगतो आहोत.

तिसऱ्या दुपारी मुक्ता त्याची भाकरी घेऊन आली. तिने गाय पाहिली, बापाच्या मागे पडलेल्या तीन पेंढ्या पाहिल्या. भाकरीचं फडकं खाली ठेवलं.

"आबा, हिला कावून उपाशी ठिवलंय?"



मुक्ताने एक पेंढी उचलली, सोडली आणि गायीपुढे पसरली. कपिली हापापल्यासारखी तुटून पडली. तिच्या मानेवरून हात फिरवत, बापाकडे न बघता मुक्ता म्हणाली, "तिनं म्हनलं व्हतं का, मंजूर?"

पुण्याहून आल्यापासून त्या विषयावर ती बोललेली ही एवढीच गोष्ट. मग ती घराकडे निघून गेली.

धोंडीरामने दुसरी पेंढी सोडली आणि गायीपुढे टाकली, आणि तीही संपल्यावर तिसरी. दिवस मावळला, छावणीतली माणसं उठून गेली, पण त्याला घरी जायचं धाडस होईना.