पोच येईपर्यंत

महेशने इंटरनेटचं डोंगल पाचव्यांदा हिसकून काढलं, शर्टाला पुसलं आणि पुन्हा लॅपटॉपमध्ये खुपसलं. दिवा लालच राहिला. लॅपटॉप आपला हेका सोडत नव्हता, त्याच्या मते ही एक सीडी होती आणि नेटबिटशी तिचा काही संबंध नव्हता.

धनराजरावांना ती हिसकाहिसकी बघवत नव्हती. मनमाडला चौतीस वर्षं त्यांनी रेल्वेचे सिग्नल सांभाळले होते. तिथे साधी तार सोडवायची तरी आधी स्टेशन मास्तरला चिठ्ठी द्यायची, आणि तिची पोच हातात पडेपर्यंत पान्याला शिवायचं नाही. निवृत्त होऊन इंदिरानगरात फ्लॅट घेतला, पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. पंखा पुसायचा तरी ते घरातल्यांना आधी कळवत आणि कुणी ‘बरं’ म्हटल्यावरच स्टुलावर चढत.

आज मात्र घाई होती. अकरा वाजता सुनेची, पूजाची, ऑनलाइन मुलाखत होती आणि त्यातच टायपिंगची परीक्षा. रस्ता खोदताना कुणीतरी इंटरनेटची केबल तोडली होती, पूजाच्या फोनला घरात रेंज नव्हती, म्हणून महेशने आपल्या कॉम्प्युटरच्या दुकानातून दुसऱ्या कंपनीचं डोंगल आणलं होतं. मुलगा संतोष जाऊन चौदा महिने झाले होते. नोकरी लागली तर पूजा इथेच राहणार होती. नाहीतर तिचे भाऊ तिला जळगावला न्यायला टपलेलेच होते. ती गेली की घर खायला उठेल, या धास्तीने धनराजरावांना घास गोड लागत नव्हता.

शेवटी महेशने हात टेकले. “काका, यात विंडोज नाही, लिनक्स आहे. त्याला हे डोंगल ओळखता येत नाही. विंडोज टाकतो, तासाभरात चालू होईल. पण आतलं सगळं पुसलं जाईल. कॉपी करायला आता वेळ नाही.”

लॅपटॉप संतोषचा होता. जुनं मशीन जड चालतं म्हणून लिनक्स त्यानेच टाकलं होतं. त्याचे फोटो, त्याच्या आवाजातली रेकॉर्डिंग, सगळं आत होतं. पूजाला ते उघडून बघायचं धाडस अजून झालं नव्हतं.

“टाकू द्या महेशभाऊंना,” ती म्हणाली. “मला नोकरी पाहिजे, बाबा.”

धनराजरावांना आधी राग आला आणि लगेच त्या रागाची लाज वाटली. पोरीचं काही चुकत नव्हतं. त्यांनी मान हलवली.

महेश विंडोजचा पेनड्राइव्ह आणायला दुकानात गेला. तोवर डोंगल काढून ठेवावं म्हणून धनराजराव लॅपटॉपसमोर बसले. संतोषने त्यांना शिकवलं होतं, काहीही उपटायचं नाही, आधी ‘इजेक्ट’ म्हणायचं आणि लॅपटॉप ‘आता काढा’ असं उत्तर देईपर्यंत थांबायचं. कॉम्प्युटरमधली तेवढी एकच गोष्ट त्यांना पहिल्या फटक्यात पटली होती. त्यांनी सीडीच्या चित्रावर ‘इजेक्ट’ दाबलं. चित्र गेलं, पण उत्तर काही आलं नाही. दुसऱ्या कुणी डोंगल ओढून टेबलावर टाकलं असतं. धनराजराव हात मांडीवर ठेवून बसून राहिले.

मिनिटभराने लाल दिवा विझला आणि निळा लागला.

“पूजा, इकडं ये. दिवा बदललाय याचा. मी काहीच नाय केलं.”

पूजाने स्क्रीनच्या वरच्या कोपऱ्यात पाहिलं. मोबाइल ब्रॉडबँड अशी नवी ओळ आली होती. तिने देश निवडला, कंपनी निवडली, आणि बातम्यांचं पान भराभर उघडलं. धनराजरावांचा जीव भांड्यात पडला. महेश परत आला तेव्हा त्याने कपाळावर हात मारला. डोंगलच्या पोटात त्याचं स्वतःचं विंडोजचं सॉफ्टवेअर सीडी म्हणून असतं, ती बाहेर काढल्याशिवाय मोडेम जागा होत नाही, हे त्याने पूर्वी कुठेतरी वाचलं होतं. धनराजरावांनी त्याला चहा पाजल्याशिवाय सोडलं नाही.

पावणेअकराला पूजाने मुलाखतीची लिंक उघडली. कॅमेऱ्यात तिचा चेहरा आला आणि खाली नावाच्या चौकटीत आपोआप ‘संतोष’ उमटलं. तिची बोटं थांबली. तिने मागे वळून सासऱ्यांकडे पाहिलं.

“पूस,” धनराजराव म्हणाले. “मुलाखत तुझी हाय. तुझं नाव घाल.”

तिने इंग्रजीतली सात अक्षरं एकेक करून पुसली आणि त्या जागी स्वतःचं नाव लिहिलं. धनराजरावांनी बाहेर येऊन दार हळूच ओढून घेतलं, आणि आत कुणी जाऊ नये म्हणून दाराला खुर्ची लावून ते बसले.