अडीच नंबरच्या नळीचा सूड

मित्रांनो, मी एक जुनी पोलादी नळी आहे. तान्ह्या बाळाच्या तोंडातून श्वासनळीत उतरायचे, आतली वाट दाखवायची आणि माझ्याच पोकळीतून त्याला प्राणवायू पुरवायचा, हे माझे काम. माझ्यावर अडीच हा आकडा कोरलेला आहे. विनिपेगच्या एका रुग्णालयात मी एकोणीस वर्षे राबले. पोलादाला मन नसते, हे मला ठाऊक आहे. तरीही माझ्यात जे साठले त्याला द्वेषाखेरीज दुसरे नाव सापडत नाही.

त्याचे कारण डॉ. स्टेफान हॅल्डोर्सन. इथे प्रत्येक सर्जनच्या नावाचे एक कार्ड असते. त्यावर लिहिलेली हत्यारेच निर्जंतुक होऊन टेबलावर येतात. नव्याने आलेल्या हॅल्डोर्सनांनी माझे नाव खोडले.

"हा नळाचा तुकडा संग्रहालयात द्या. माझा लवचीक कॅमेरा पुरे!"

सगळे हसले. परिचारिका लुझ तेवढी हसली नाही. पुढचे चौदा महिने मी खणात पडून होते. हॅल्डोर्सनांचे तोंड उतरावे, एवढेच मागत होते.

मग सात आठवड्यांचा एन्सेल आला. जन्मापासून त्याचा श्वास घरघरत होता. भूलतज्ज्ञ डॉ. ओक्साना ह्रिंचुक यांनी त्याला वायूची भूल दिली, पण श्वास त्याचा त्यालाच घेऊ दिला. हॅल्डोर्सनांनी कॅमेरा आत सरकवला. वाट जेमतेम दोन मिलिमीटरची. कॅमेराच तिच्यात बुचासारखा बसला. बाळ निळे पडले.

"स्टेफान, ती कॅमेऱ्याची तार काढ! आधी काढ, मग बोल!" ह्रिंचुक ओरडल्या.

"स्नायू सैल करायचं औषध देऊन टाक, म्हणजे..."

"मुळीच नाही. त्याचा स्वतःचा श्वास थांबला, तर माझ्या हातात काहीच उरत नाही. लुझ, अडीच नंबर!"

"ती कार्डावर नाही ना, डॉक्टर," मला खणातून उचलून वाफेच्या यंत्राकडे धावता धावता लुझ म्हणाली. "संग्रहालयातून आणतेय!"

नऊ मिनिटे लागली. ह्रिंचुक मास्क धरून बाळाचा एकेक श्वास राखत होत्या. हॅल्डोर्सनांच्या हातांना काम नव्हते. त्यांना फुटलेला घाम मला पाहता आला नाही. मी वाफेत होते. त्याची हळहळ मला अजून आहे. माझा सूड एन्सेलच्या श्वासावर चालला होता, हेही मला कळत होते.

अखेर मला अरुंद भागाच्या अलीकडे उतरवले. प्राणवायू पोचला, बाळ गुलाबी झाले. माझ्यातून गेलेल्या बारीक दुर्बिणीने पडद्यावर कारण दाखवले. श्वासनळीच्या कड्या घोड्याच्या नालासारख्या मागे उघड्या असतात. इथे त्या मागेही जुळून पूर्ण गोल झाल्या होत्या, म्हणून वाट अरुंद होती. चार दिवसांनी हॅल्डोर्सनांनी ती अरुंद श्वासनळी मधोमध कापली, दोन्ही भाग उभे चिरले आणि एकमेकांवर सरकवून शिवले. लांबी घटली, वाट रुंद झाली. काम उत्तम झाले. ते मी नाकारत नाही.

पुढचे लुझने मला घासताना सहकारिणीला सांगितले. एन्सेलच्या आईने, कोरीनने, विचारले होते, "त्या दिवशी एवढा वेळ का लागला?"

"योग्य नळी तयार नव्हती," हॅल्डोर्सन म्हणाले.

"का नव्हती?"

ह्रिंचुक शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी मदत केली नाही.

"मीच काढून टाकली होती."

मित्रांनो, मी त्यांना क्षमा केलेली नाही. जुने ते सोने, असेही मी म्हणणार नाही. पुष्कळ जुनी हत्यारे निव्वळ भंगार असतात. पण एखादे फेकण्यापूर्वी ते नेमके काय करते, एवढे तपासा. न तपासता फेकाल, तर त्याचे उत्तर एखाद्या आईच्या डोळ्यांत पाहून द्यावे लागेल. तेव्हा मी तुमची कीव करणार नाही.