केरू मिस्त्रीचा हात

गंगाराम शिवलकरने गाडीच्या टॅपेट कव्हरचा शेवटचा बोल्ट काढला, लुंगीला पुसला आणि आप्पेपात्राच्या सहाव्या खळग्यात ठेवला. आप्पेपात्र त्याने मागितलं नव्हतं. त्याने बॉनेट उघडलं तेव्हा ते आधीच बॅटरीवर येऊन बसलं होतं आणि त्याची बायको सावित्री पुन्हा पायरीवर जाऊन सुपात कुळीथ निवडत होती.

मग त्याने कव्हर उचललं आणि तसंच हातात धरून उभा राहिला.

गंगाराम तीस वर्षं जहाजांवर फिटर होता. तिथली इंजिनं तीन मजली. सिलेंडरमध्ये शिडी लावून उतरायचं, आत उभं राहून भिंती पुसायच्या, जेवणाची वेळ झाली की वर यायचं. एकदा तो आतच झोपला होता. जहाज बंदरात होतं म्हणून बातमी झाली नाही. त्यामुळे अंगणातली मारुती सकाळी उघडायला घेतली तेव्हा त्याचा चेहरा, हत्तीच्या डॉक्टरला मांजर तपासायला सांगावं, तसा झाला होता.

आता तो चेहरा राहिला नव्हता. सव्वीस वर्षांच्या इंजिनात तेल मधासारखं स्वच्छ होतं. प्रत्येक नटावर एक लाल ठिपका होता, आणि सगळे ठिपके एकाच बाजूला तोंड करून. कव्हरखालचं पॅकिंग बाजारचं नव्हतं, कुणीतरी हाताने कापलेलं होतं. त्याची आतली कड सरळ आणि बाहेरची करंजीच्या कडेसारखी कातरलेली, शेवटपर्यंत एकसारखी. त्यातून तेलाचा एक थेंब बाहेर आला नव्हता. गंगारामने त्या नक्षीवरून बोट फिरवलं. असलं हत्यार त्याने कुठल्याच बंदरात पाहिलं नव्हतं. जपानी असावं.

"हे कुणी केलान?"

"केरूने," सावित्री म्हणाली. मान वर केली नाही.

"केरू मिस्त्रीने?"

"दुसरा कोण हाय आपल्याला?"

केरू मिस्त्री हातखंब्याचा. चौदा वर्षं गाडी तोच बघायचा. गंगाराम कुठल्यातरी समुद्रातून फोन करून विचारायचा, "गाडी कशी हाय?" आणि सावित्री सांगायची, "बंद पडलेली, केरूने केलान चालू." गाठ कधी पडली नाही. गंगाराम सुट्टीवर यायचा तेव्हा केरू नेमका गावाला गेलेला असायचा. पण संबंध चांगले होते. गंगाराम दर खेपेला त्याच्यासाठी काहीतरी आणायचा: हॅम्बुर्गहून पान्यांचा संच, सिंगापूरहून डोक्याला बांधायची बॅटरी, एकदा शर्ट. शर्ट केरूला जरा मोठा झाला, असा निरोप आला होता. परतताना केरूच्या बायकोने दिलेली लोणच्याची बरणी असायची. ते लोणचं थेट सावित्रीच्या लोणच्यासारखं लागायचं. बरी बाई असणार, असं गंगारामचं मत होतं.

कव्हर खाली ठेवून तो बराच वेळ वाकून बघत राहिला. मोठमोठ्या चीफ इंजिनिअरांनी त्याच्या पाठीवर थाप मारली होती, पण आपल्याला हे असं जमलं नसतं, हे त्याला दिसत होतं. आणि नेमकं आजच दिसायला नको होतं.

कारण आज पाच वाजता त्याला उत्तर द्यायचं होतं.

गंगारामचे निम्मे कान जहाजांनी ठेवून घेतले होते. तो फोन स्पीकरवर लावून बोलायचा आणि स्वतःही मोठ्याने, त्यामुळे काल मुंबईच्या एजंटचा फोन आला तो वाडीने ऐकला. एका जहाजावरचा फिटर आजारी पडला होता. सोमवारी निघायचं, नऊ महिने, उद्या पाचपर्यंत कळवा. गंगाराम फोन ठेवून आत आला आणि सावित्रीला म्हणाला, "राँग नंबर."

"बरं," सावित्री म्हणाली.

निवृत्त होऊन त्याला चार महिने झाले होते. या चार महिन्यांत घरात त्याच्यावाचून काही अडलं नव्हतं. नळ गळत नव्हता. पंख्याला तेल द्यायला तो स्टूलावर चढला तर पंख्याला तेल दिलेलं होतं. सानिका, त्यांची मुलगी, पुण्याहून फोन करायची, आईशी तासभर बोलायची आणि शेवटी म्हणायची, "बाबांना सांग, मी विचारलंय." एवढ्या चोख घरात आपण पाहुण्यासारखे किती दिवस बसणार, असं त्याला वाटू लागलं होतं. जहाजावर निदान रोज काहीतरी मोडायचं.

राहिली होती ती गाडी. ती टकटक करायची आणि चढाला दमायची. शहरातल्या एका मेकॅनिकने कान लावून सांगितलं होतं, भंगारात द्या. गंगारामने मनाशी ठरवलं, ही टकटक आज आपल्या हाताने बंद झाली तर घरी राहायचं, नाही झाली तर जहाज. ही अट तो कुणाशी बोलला नव्हता, त्यामुळे तेवढी वाडीत पोचली नव्हती.

"काय रे गंगाराम, मेलं काय ते?"

दगडी गडग्यापलीकडे शेजारच्या आनंदीकाकू उभ्या होत्या. वय ऐंशी. अंगण त्यांचं नव्हतं, पण गडग्यावर कोपर टेकायची जागा त्यांची होती.

"नाय काकू. जिवंत हाय."

"मग बोटीवर कशाला पळतोस?"

गंगारामला हे ऐकू गेलं नाही. ऐकू न येण्याचे काही फायदे असतात.

"काकू, तुम्ही ह्या केरू मिस्त्रीला बघितलंय काय कधी?"

काकूंनी सावित्रीकडे पाहिलं. सावित्रीने कुळथातला एक खडा शोधला आणि अंगणात भिरकावला.

"बघितलंय तर," काकू म्हणाल्या. "यश हाय त्याच्या हाताला."

"दिसायला कसा?"

"दिसायला..." काकूंनी विचार केला. "चांगला हाय की. घरातलाच वाटतो."

गंगारामने हात पुसले. "रिक्षा बोलावतो. हातखंब्याला जाऊन त्याला घेऊनच येतो. असला माणूस शेजारी असून पाय धरले नायत, म्हणजे काय!"

सूप हलायचं थांबलं.

"तो वारला," सावित्री म्हणाली.

"कधी?" गंगारामने आणि आनंदीकाकूंनी एकदम विचारलं.

"शिमग्याच्या सुमारास."

"अगो बाय माझे!" काकू गडग्यावरच टेकल्या. "आणि मला बोलली पण नायस?"

"तुम्हाला प्रेशर हाय म्हणून."

गंगारामने डोक्याला बांधलेली ती सिंगापूरची बॅटरी सोडून हातात घेतली. केरू गेला तेव्हा ती केरूच्या घरून परत आली असणार, असं त्याला आत्ता वाटलं. मग म्हणाला, "त्याच्या बायकोला तरी भेटून येऊया. लोणचं पाठवायची ती."

"ती खेडला गेली, भावाकडे."

"मुंबईला ना गो, लेकाकडे?" काकूंनी आपल्या परीने मदत केली.

"आधी खेडला. मग मुंबईला."

काकू पदराने डोळे टिपत घरात गेल्या. त्या खरोखरच रडत होत्या. चौदा वर्षं ऐकलेला माणूस असा एकाएकी जातो म्हणजे काय.

गंगाराम पुन्हा कामाला लागला, पण आता त्याचे हात हळू झाले होते. गेलेल्या माणसाचं काम उघडताना होतात तसे. सहा व्हॉल्व्ह होते. प्रत्येक व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा स्क्रू यांच्यात केसाएवढी फट लागते. कमी झाली तर गाडीची ओढ जाते, जास्त झाली तर टकटक. ती मोजायला पातळ पट्ट्यांचा जुडगा असतो. गंगारामचा जहाजावर राहिला होता. त्यातली सगळ्यात पातळ पट्टीसुद्धा या इंजिनाला फळी वाटली असती.

"मोजायला काय वापरायचा गो तो?" त्याने विचारलं. उत्तराची अपेक्षा नव्हती.

"दाढीचं ब्लेड," सावित्री म्हणाली. "दोन, एकावर एक."

ती आत गेली आणि कागदाची पुडी घेऊन आली. पुडीत दोन ब्लेडं होती. दोन्हींची धार दगडावर घासून मारलेली, बोट कापू नये म्हणून. गंगारामने ती उजेडात धरली. ती त्याचीच होती.

काही वर्षांपूर्वी तो सुट्टीवर आला तेव्हा मोरीतल्या फळीवरचं ब्लेडचं पाकीट निम्मं झालेलं होतं. मागच्या खेपेला जाताना तो नवं ठेवून गेला होता. त्याने काही विचारलं नाही. पुढचे नऊ महिने मात्र तो तीन समुद्र पार करताना एकाच गोष्टीचा विचार करत होता: आपल्या घरात दाढी कोण करतंय? त्या खेपेला त्याचं अकरा किलो वजन उतरलं. कॅप्टनने त्याला जंताचं औषध दिलं. परत आला तेव्हा पाकीट आणखी कमी झालं होतं, आणि त्याने तेव्हाही विचारलं नाही. विचारलं की उत्तर येतं.

आज उत्तर हातात होतं. त्याच्या घरात कुणी दाढी करत नव्हतं. आणि हातखंब्याला केरू नावाचं कुणी नव्हतं.

त्याने सावित्रीकडे पाहिलं. ती बंपरशी उभी होती. तिच्या मनगटावर भाजल्याच्या तीन जुन्या खुणा होत्या. त्या तव्याच्या, असं तो इतकी वर्षं धरून चालला होता. पण तवा असा आतल्या बाजूला लागत नाही. तापलेल्या इंजिनात हात कोपरापर्यंत घातला की तिथे लागतं.

तीन मजली इंजिनाखाली पहिल्यांदा उभा राहिला तेव्हा तो वीस-बावीस वर्षांचा होता आणि त्याचं तोंड उघडं राहिलं होतं. आत्ता त्याने प्रयत्नपूर्वक मिटलं.

त्याने दोन्ही ब्लेडं पहिल्या व्हॉल्व्हच्या फटीत सरकवली. ती गच्च अडकत आत गेली, जशी जायला हवी होती तशी.

"मग," तो म्हणाला, "केरू पुढे काय करायचा?"

सावित्रीने क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. तोही तिच्याकडे बघत होता.

"आधी प्लग काढून ठेवायचा," ती म्हणाली. "इंजिन हलकं फिरतं. नट आवळताना स्क्रू दुसऱ्या हाताने धरून ठेवायचा, नायतर फट पळते."

"बरं."

"घाई करायचा नाय. वैताग आला की चहा प्यायचा."

"बोलायचा काय, काम करताना?"

"शिव्या द्यायचा."

"इंजिनाला?"

"इंजिनाला. तुम्हाला पण, मधेमधे."

"बरोबर हाय," गंगाराम म्हणाला आणि दहा नंबरचा पाना मागायला हात पुढे केला. पाना आधीच हातात आला होता.

पाच व्हॉल्व्ह झाले. चार वाजून गेले. सहावा मागच्या कोपऱ्यात, अंधारात होता. गंगारामने त्याला बोटाने हलवलं आणि तो खुळखुळला. टकटक त्याचीच होती.

"ह्याला काय करायचा केरू?"

"ह्याचं त्याला कधी जमलं नाय."

"का?"

"एकटा व्हता."

सावित्री पदराच्या टोकाने पाना पुसत राहिली.

"गाडी टॉप गिअरला टाकायची आणि ढकलायची," ती म्हणाली. "म्हणजे इंजिन आतून फिरतं. बाकीचे पाच बाजूला उभं राहून दिसतात. खांद्याने ढकललं, मान वाकडी केली की झालं. ह्याला डोकं आत घालायला लागतं. ढकलून धावत पुढे यावं तोवर जरा पुढं गेलेलं असतं, नायतर मागं आलेलं असतं. चौदा वर्षं अंदाजानेच लावायचा. एकाने बघायचं आणि दुसऱ्याने ढकलायचं, असं काम हाय ते."

"मी बघतो. तू ढकल."

"तुमचा हात जातो काय तिथं?"

गंगारामने आपल्या हाताकडे पाहिलं. त्या हाताने त्याने माणसाच्या उंचीचे व्हॉल्व्ह बसवले होते. त्याने तो कोपऱ्यापर्यंत नेऊन पाहिला. अंगठ्याच्या पुढे तो गेला नाही.

"मागं जा तुम्ही," सावित्री म्हणाली.

तिने पदर खोचला, बॅटरी डोक्याला बांधली, न बघता तिचा पट्टा दोन खाचा आवळला आणि डोकं आत घातलं. गंगाराम गाडीला वळसा घालून मागे गेला. इथून बॉनेटच्या पलीकडचं काही दिसत नव्हतं. फोन पडवीत होता, सात पावलांवर. पाचाला वीस मिनिटं होती.

त्याने डिकीला तळवे लावले आणि रेटा दिला. गाडी बोटभर सरकली.

"हळू," सावित्री म्हणाली असावी. त्याला नीट ऐकू आलं नाही. म्हणून त्याने गाल मागच्या काचेला टेकवला आणि कान त्या थंड काचेवर दाबला.

आणि सगळं ऐकू यायला लागलं. पत्र्यातून, काचेतून, हाडातून. व्हॉल्व्ह हलवणारा कॅम फिरल्याचा ओला आवाज. ब्लेडं एकमेकांवर घासल्याची किरकिर. पाना नटावर बसल्याची टिचकी. तिचा श्वास. खालच्या आवाजात दिलेली एक शिवी, ती इंजिनाला होती की त्याला, ते कळलं नाही. चौदा वर्षं हे सगळं इथे चालू होतं आणि तो पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला विचारत होता, गाडी कशी हाय.

"अजून," ती म्हणाली.

त्याने अजून रेटलं.

"अजून थोडं. थोडं."

त्याने श्वास धरून केसभर रेटलं.

"थांबा."

ती मोठ्याने बोलली नव्हती. गडग्यापर्यंतसुद्धा गेला नसेल तो आवाज. गंगाराम होता तसा थांबला, एक पाय पुढे, एक मागे, गाल काचेला.

"किती वेळ?" त्याने विचारलं.

बॉनेटखालून ब्लेडं फटीत सरकल्याची किरकिर आली.

"मी सांगेपर्यंत," सावित्री म्हणाली.