न दबणारा आवाज

"पुसू नकोस," मी म्हटले, आणि सुनेचे बोट बटणावर अधांतरी थांबले.

"आई, कॉम्प्युटर गळ्यापर्यंत भरलाय. माझा नकाशा सेव्हच होत नाहीये. आज दुकानं बंद, नवी डिस्क उद्याशिवाय नाही, आणि नकाशा संध्याकाळपर्यंत पाठवायचाय. बाबांच्या पंपांची ही घरघर ठेवून करायचंय काय?"

सून घरांचे नकाशे काढते. तिचे सासरे, म्हणजे आमचे हे, हयातभर पाण्याचे पंप दुरुस्त करीत. प्रत्येक पंपाचा आवाज ते टिपून ठेवीत. आजारी असतानाचा आणि बरा झाल्यावरचा. माणसांशी त्यांचे बोलणे बेताचेच. घरात बोलण्याचे खाते माझ्याकडे होते आणि ते मी चोख सांभाळले.

"पुसायचं काही नाही. घडी घाल."

फाइली झिप करण्याला मी घडी घालणे म्हणते. मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्यावर मी कॉम्प्युटर शिकले. त्याला माझे शब्द शिकावे लागले.

सुनेने माझी भाषणे, परिपत्रके, पत्रे यांच्या घड्या घातल्या. खोलीभर पसारा ट्रंकेत मावावा तशी ती मूठभर झाली. मग तिने यांच्या आवाजांचा फोल्डर घेतला. पडद्यावरची पट्टी सावकाश सरकत टोकाला पोहोचली. आकार होता तेवढाच राहिला.

"हे आवाज आधीच दाबून साठवलेले असतात, आई. आणखी नाही दबायचे."

"नाहीच दबायचे. मी काय कमी प्रयत्न केले?"

सून तोंडावर हात ठेवून हसली. मग पुन्हा घड्याळाकडे पाहू लागली.

"सगळ्यांत जड काय आहे ते बघ."

ती घुटमळली. "तुमचा सत्कार. निरोप समारंभाचा व्हिडिओ. लहान करता येईल, पण चित्र धूसर होईल. तुमचा चेहराच ओळखू येणार नाही."

"मला ओळखायला चेहरा लागत नाही. कर."

सत्कार आक्रसला, नकाशा बसला आणि वेळेत रवानाही झाला. व्यासपीठावर आता मी म्हणजे एक जांभळा ठिपका आहे. पण ताठ उभा.

"एवढं वाचवलंत, तर एखादं ऐकू या तरी," म्हणत सुनेने 'घरचा पंप' नावाची फाइल उघडली. आधी घरघर. तिच्यामागे कुणीतरी कुणाला तरी चांगलेच फैलावर घेत होते. मग यांचा तो खालच्या पट्टीतला स्वर आला:

"घरचा पंप. बेअरिंग ठीक. मागून दुसरा आवाज येतोय तो पंपाचा नाही, आमच्या हिचा. त्यात बिघाड नाही. तो असाच चालतो."

सून हसता हसता माझ्याकडे पाहू लागली. मी पदर सारखा केला.

"बघतेस काय? परत लाव," मी म्हटले. "आणि जरा मोठा कर."