भुजंगरावांचा होकार

भुजंगरावांना विचारल्याशिवाय त्या घरात काही ठरत नसे. दसऱ्याच्या रात्री बन्नीमंटपाच्या मैदानावरची मशालींची कवायत बघून परतताना त्यांची स्कूटर घसरली, डोक्याला जबर मार बसला, आणि तेव्हापासून कितीतरी वर्षं ते कुवेंपुनगरातल्या घराच्या पुढच्या खोलीत पडून होते. डोळे उघडे असत, पण कुणाकडे पाहत नसत.

तरी त्यांच्या तळव्यात बोट ठेवलं की मूठ मिटे. त्यांच्या आई, भागीरथीबाई, देवाला कौल लावावा तसं त्यांना विचारत: घराला रंग द्यायचा का, वरच्या खोलीत भाडेकरू ठेवायचा का? मूठ मिटली की होकार. नकार कधी आलाच नव्हता.

त्यांची बायको वनजा कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवी. तान्ह्या बाळाची मूठ मिटते तशीच ही मिटते, त्यात मन नसतं, असं तिनं एकदा समजावलं होतं.

"ते तुझ्या बेडकांचं," सासूबाई म्हणाल्या होत्या. "हा माझा मुलगा आहे."

मूठ सोडवायची युक्तीही वनजालाच ठाऊक होती. मनगट आत वाकवलं की बोटं आपोआप सैल पडत.

आज त्यांची मुलगी कावेरी नोकरीसाठी हैदराबादला निघाली होती. ती जायलाच हवी होती. वडिलांना नळीतून पेज सोडताना ती दुसऱ्या हातानं फोन बघे. तिचे हात इतके सरावले होते की त्यांना कावेरीची गरजच उरली नव्हती. वनजाला त्या हातांची भीती वाटे.

"अप्पाला विचारल्याबिगर जायचं नाही हं," भागीरथीबाई म्हणाल्या.

"अज्जी, अप्पा कधी नको म्हणालेत का?" कावेरी हसली. बाहेर ऑटो उभी होती. तिनं तळव्यात बोट ठेवलं. "अप्पा, जाऊ?"

मूठ मिटली.

"आयितु, झालं! जाऊन ये, पुट्टी," भागीरथीबाई नातीला लाडानं म्हणाल्या.

पण मूठ सुटेना. वनजानं मनगट वाकवलं. पुन्हा वाकवलं. कावेरीच्या बोटाचं टोक पांढरं पडलं.

"अम्मा, दुखतंय गं."

"त्याला पाठवायचं नाहीये," भागीरथीबाई हळूच म्हणाल्या. "राहू दे. पुढच्या महिन्यात बघू."

कावेरी खांद्यावरची पिशवी उतरवू लागली. ते पाहताच वनजानं आपलं बोट त्या मुठीत खुपसलं आणि नवऱ्याच्या कानाशी वाकली.

"तिला सोडा. मी आहे ना. मी कुठं जात नाही."

कावेरीचं बोट मोकळं झालं. भुजंगरावांचे डोळे छतावरच होते.

"जा," वनजा म्हणाली. "ऑटो थांबलीय."

ऑटोचा आवाज कोपऱ्यावर विरला. स्नायू थकले असतील, दुसरं काय, वनजा स्वतःला सांगत बसून राहिली. भागीरथीबाई कॉफी घेऊन आल्या आणि पलंगाशी थबकल्या.

"अय्यो, सोड की आता. त्यानं केव्हाच सोडलंय तुला."

वनजानं खाली पाहिलं. नवऱ्याचा हात चादरीवर सैल, उताणा पडला होता. त्याची दोन बोटं तिच्या मुठीत होती.

तिनं दुसऱ्या हातानं स्वतःचं मनगट धरलं आणि आत वाकवलं. तिची बोटं सुटली नाहीत.